दोन मिशा आणि बारा बाजूंचा पोवाडा

पोवाडा निवांत ऐकायचा असेल तर माणसानं कोल्हापूर सोडून कुठंही जावं. इथं पोवाडा ऐकत नाहीत, पोवाड्याशी बोलतात. शाहिरानं नुसतं 'गडावर कोण होतं?' असं हवेत विचारलं, की समोरच्या चारशे माणसांना वाटतं आपल्यालाच विचारलंय. चारशेही उत्तर देतात आणि त्यातले दहा-बारा वर शाहिराची चूक काढतात. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गात प्रश्न विचारला तर एक पोरगं तोंड उघडत नाही. असो, तो विषय वेगळा आहे.

विषय आहे पंचावन्न सालच्या माझ्या उन्हाळ्याच्या सुटीचा. ही सबंध सुटी दोन मिशांपायी वाया गेली, आणि त्यातली एक मिशी माझ्या जन्मदात्याची होती.

माझे वडील, अप्पा, संस्थानच्या पागेत घोड्यांच्या चंदीचे, म्हणजे दाणापाण्याचे, कारकून होते. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडी कुठं गेली देव जाणे. राहिली ती अप्पांची मिशी. पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना वर वळलेली. तिला रोज सकाळी तूप लागतं. घरात तूप कमी पडलं तर माझ्या भातावरचं कमी होतं, मिशीवरचं होत नाही. दुसरी मिशी आमच्या समोरच्या आकाराम पैलवानाची. कुस्ती सोडून त्याला वीस वर्षं झाली. आता मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर तो दोन म्हशी घेऊन बसतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतो. अप्पांची आणि त्याची तीस वर्षांची दोस्ती. रोज सकाळी अप्पा चरवी घेऊन दुधाला जायचे आणि तासाभरानं परत यायचे. तोवर चहा दुधाची वाट बघत चुलीवर काळा होऊन जायचा.

त्या वर्षी माघात आमच्या तालमीपुढच्या पटांगणात शाहीर सयाजी बेलवळेकरांचा धारोजी किल्लेदाराचा पोवाडा झाला. मुंबईहून एका कंपनीची माणसं टेपचं यंत्र घेऊन आली होती. बंद खोलीत गायला शाहिरांनी साफ नकार दिला होता म्हणे. "भिंतीला काय गोष्ट सांगू? मला माणसं लागत्यात." म्हणून कंपनीच कोल्हापूरला आली. एक मायक्रोफोन शाहिरांपुढं उभा केला, दुसरा लोकांची दाद घ्यायला. हा दुसरा पुरुषांच्या बाजूच्या खांबाला बांधायचा होता. पण त्या खांबाला आकाराम पैलवान पाठ टेकून बसला होता आणि त्याला हलवणारं माणूस मुंबईहून आलेलं नव्हतं. तेव्हा तो मायक्रोफोन गेला बायकांच्या बाजूच्या खांबावर. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती, माझ्याही नाही.

पोवाडा रंगला. धारोजी गडाच्या दारात एकटा उभा, अंगावर एकवीस वार, आणि ऐन तिथं शाहिरांनी डफावर हात ठेवला. "मंडळी, फुडलं माझ्यानं सांगवत न्हाय. सांगू का नको?" पटांगण चिडीचूप. मग कुणीतरी एकदम ओरडलं. पाठोपाठ चारशे माणसं ओरडली, शाहिरांनी डफ उचलला आणि कडेलोट झाल्यासारखा पोवाडा पुढं गेला. पहिल्यांदा कोण ओरडलं? मला विचाराल तर मी त्या क्षणी वाकून माझी डावी चप्पल शोधत होतो. ती अजून सापडलेली नाही.

एप्रिलच्या शेवटी बातमी आली की त्या पोवाड्याच्या सहा तबकड्या निघाल्यात आणि त्यात तो ओरडाही आलाय. बातमी कोपऱ्यावरच्या म्हशींपर्यंत पोचली आणि अप्पा मिशीवर हात फिरवून म्हणाले, "येणारच. माझाच आवाज त्यो."

आकारामानं धार थांबवली. "अप्पा, तुमचा कसा? म्या वरडलो की."

"तू? तू रडत हुतास, मर्दा."

"रडत रडत वरडलो!"

शब्दानं शब्द वाढला. शेवटी आकारामानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि पैज लावली. तबकडीत ज्याचा आवाज नसेल त्यानं भर पेठेत मिशी उतरवायची. अप्पांनी त्याच थापेवर थाप मारली. म्हशीनं चरवी लाथाडली. त्या दिवशी अप्पा रिकामे घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाला मला पाठवू लागले. आकाराम मला दूध द्यायचा, पण धार काढताना तोंड भिंतीकडं करायचा.

माईनं, म्हणजे माझ्या आईनं, हे सगळं ऐकून घेतलं. माईचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर सहसा येत नाही. ती एवढंच म्हणाली, "दोघंबी खुळी. त्यात काय आयकायचं हाय? मी हुते की तितं."

मी म्हणालो, "माई, तू बायकांच्या बाजूला होतीस. तुला तिथनं काय कळणार?"

माई परत पोळ्या लाटायला लागली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. माझ्या तर ते जन्मभर लक्षात राहणार आहे.

तबकड्या आणायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. त्या एका जाड पुठ्ठ्याच्या पेटीत होत्या. फोनो आणला गुंडूनं. हा गुंडू लग्नकार्यांना फोनो आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देतो आणि त्यामुळं स्वतःला निम्मा शाहीर समजतो. रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत पाच माणसं बसतील असा माझा अंदाज होता. तीस बसली. खिडकीत लोंबकळत होती ती वेगळी. पहिल्या रांगेत शेजारच्या धोंडुबाई, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन.

गुंडूनं किल्ली दिली, पिन बदलली, तबकडी लावली. शाहीर गाऊ लागले. मुजरा झाला, गडाचं वर्णन झालं, धारोजीचा जन्म झाला. धोंडुबाईंनी तबकडीवरून हात ओवाळून बोटं मोडली. शाहीर म्हणाले, "बारसं कसं झालं, आयका मंडळी!" आणि तबकडी संपली. गुंडूनं ती उलटली. पिन टेकली आणि शाहीर गहिवरल्या आवाजात गायला लागले, की धारोजीची चिता पेटली, माउलीनं तुळशीपुढं दिवा लावला, जी जी रं जी.

मग धोंडुबाईंनी सूप खाली आपटलं. "आगं आई गं! बारसं न्हाय झालं अजून पोराचं!"

"मास्तर, किल्ली उलटी दिलीसा," आकाराम म्हणाला.

"किल्ली मी दिली नाही, गुंडूनं दिली."

"पन तबकडी तुमची हाय!"

दुसरी तबकडी लावली. धारोजी पाच वर्षांचा झाला, त्यानं पहिली कुस्ती मारली. पेठ खूश झाली. उलटली, तर स्वार धारोजी पडल्याची खबर घेऊन त्याच्या आईच्या दारात उभा. म्हणजे प्रत्येक तबकडीला एका बाजूला पोरगं वाढतंय आणि दुसऱ्या बाजूला मरतंय. कंपनीनं मास्तरला फसवलं असं एकमत झालं. कुणी म्हणालं शाहीर वारले असतील, कुणी म्हणालं ही मुंबईची पद्धत आहे, तिथं सगळंच उलटं. धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या तबकडीवर धारोजीचं लग्न आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दोनदा मेलेल्या मानसाचं लगीन मी आयकनार न्हाय. सुतक हाय." आणि निम्म्या बायका घेऊन त्या निघून गेल्या. शेंगा मात्र इथंच राहिल्या, त्यांची टरफलं दोन दिवस माझ्या बायकोनं, नंदिनीनं, झाडली.

या गोंधळात आकाराम पैलवान हताश होऊन खाली बसला. तो तिसऱ्या तबकडीवर बसला.

कटकन आवाज झाला. लाखेची तबकडी ती, पैलवानापुढं काय टिकणार? अप्पा ताडकन उठले. "पुरावा मोडला! ह्यानं पुरावा मोडला!"

"आवाज माझा, पुरावा माझा, मी कशाला मोडू?"

"भ्यालास म्हनून!"

आकाराम उभा राहिला. त्याच्या धोतराला लाखेचे तुकडे चिकटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. 'भ्यालास' हा शब्द त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. तीस वर्षांची दोस्ती माझ्या बाहेरच्या खोलीत मोडताना मला दिसत होती आणि मी काय करत होतो, तर तुकडे जुळवत होतो. तेवढ्यात नंदिनी आतून आली. तिनं पेटी उघडली, तळाचा एक कागद काढला, वाचला. मग एकेका तबकडीवरचा आकडा बघितला.

"पहिलीच्या पाठीवर बारा आहे," ती म्हणाली. "दुसरीच्या पाठीवर अकरा, तिसरीच्या पाठीवर दहा. साहेबाच्या यंत्रात तबकड्यांची चळत ठेवतात, एक संपली की दुसरी आपली आपण पडते. म्हणून आधी सहाही तबकड्यांची एकच बाजू वाजवायची, मग सगळ्या उलटायच्या. या कागदावर लिहिलंय. तुम्ही वाचला नव्हता का?"

मी इतिहासाचा शिक्षक. मूळ कागद वाचल्याशिवाय बोलू नये, असं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलोय. तीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "वाचला होता, पण वरवर."

आता प्रश्न एवढाच होता की तो ओरडा फुटलेल्या तबकडीवर होता की काय. त्याच दिवशी पुढच्या बाजू लावून बघितल्या असत्या तर मामला मिटला असता. पण पेठेतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, हा मिशीचा न्याय आहे, तो असा कोपऱ्यात व्हायचा नाही. पुढच्या रविवारी आमच्या कट्ट्यावर, सगळ्यांसमक्ष, लाऊडस्पीकर लावून. गुंडूनं लगेच दोन कर्णे कबूल केले. परवानगी कुणी काढायची? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मला सुटी होती.

परवानगीच्या कचेरीत चष्मेवाला कारकून होता. तो मान वर न करता लिहीत होता.

"कार्यक्रम?"

"पोवाडा."

"कलावंताची सही आणा."

"कलावंत गावोगाव फिरतीवर असतात. इथं तबकडी गाणार आहे."

"तबकडी कुणाची?"

"माझी."

"मग कलावंत तुम्ही." त्यानं कलावंत या रकान्यात माझं नाव लिहिलं. "पोवाड्याच्या दोन प्रती जोडा. सरकारला वाचायला लागतं."

"अहो, बारा बाजूंतल्या दोन फुटल्यात."

"अपुऱ्या मजकुराला परवानगी मिळत नाही. हेतू काय? मनोरंजन, धार्मिक का शैक्षणिक?"

मी दमलो होतो. खरं ते सांगितलं. "वडिलांची मिशी."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्यालाही मिशी होती, बारीक, पण होती. तिच्यावर बोट फिरवून तो बराच वेळ विचारात पडला. मला वाटलं पाझर फुटला. मग तो म्हणाला, "असा रकाना नाही. महिन्यानं या." कलावंत म्हणून माझी नोंद मात्र कायम राहिली. पुढं दिवाळीत मला सरकारी पत्र आलं, त्यावर माझ्या नावामागं 'शाहीर' होतं.

त्या आठवड्यात अप्पांचं जेवण निम्म्यावर आलं. सकाळी आरशापुढं उभे राहून ते वरच्या ओठावर आडवा हात ठेवायचे, बघायचे आणि हात काढायचे. एकदा मला म्हणाले, "वसंता, मीच वरडलो रं. न्हवं?" आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही विचारत होते आणि मी चपलेसाठी वाकलेला माणूस! मला फार वाईट वाटलं. "तुम्हीच अप्पा," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं.

रविवारी पाच वाजता सगळी पेठ आमच्या कट्ट्यापुढं बसली. कर्णे नव्हते. नुसत्या फोनोचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तर एकानंही ब्र काढायचा नाही, असं ठरलं. कोल्हापूरच्या इतिहासात पोवाडा गप्प बसून ऐकल्याचा हा पहिला प्रसंग. त्याचं श्रेय त्या चष्मेवाल्या कारकुनाला दिलं पाहिजे. धोंडुबाईसुद्धा आल्या, डोक्यावरनं अंघोळ करून, सुतक फेडून. अप्पा कट्ट्याच्या एका टोकाला, आकाराम दुसऱ्या टोकाला. मधल्या पाटावर न्हावी वाटी-वस्तरा घेऊन बसला होता. आत माई आणि नंदिनी एवढ्या लोकांचा चहा करत होत्या.

पहिली बाजू, दुसरी बाजू. तिसरीच्या जागी गुंडूनं तोंडानं सांगितलं, "लगीन झालं." चौथी, पाचवी. शाहीर प्रश्न टाकत होते आणि पेठ दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. लोकांचे चेहरे लाल झाले होते. सहाव्या बाजूच्या शेवटाला धारोजी गडाच्या दारात आला. एकवीस वार झाले. शाहिरांनी विचारलं, "सांगू का नको?" आणि बाजू संपली.

म्हणजे ओरडा सातव्या बाजूला, सहाव्या तबकडीच्या पाठीवर. ती शाबूत होती. आकारामानं दोन्ही हात जोडले, बहुतेक जोतिबाला. गुंडूनं तबकडी उलटली. पिन टेकली. खरखर, खरखर. पटांगणातली ती शांतता जशीच्या तशी आली होती. कुणाचं तरी नाक ओढणं आलं होतं, ते आकारामाचं असणार. आणि मग अगदी जवळनं, पातळ पण सुरीसारखा एक आवाज आला:

"अवं सांगा की वो! त्या लेकराला तसंच दारात टाकून थांबलायसा व्हय?"

आणि पाठोपाठ उठलेल्या चारशे माणसांच्या गलक्यात शाहीर म्हणाले, "सांगतो, आई, सांगतो."

पुढं डफ वाजत राहिला, पण कुणी ऐकत नव्हतं. अप्पा आकारामाकडं बघत होते, आकाराम अप्पांकडं. बाई? पेठेतली कोण बाई चारशे माणसांत ओरडेल? धोंडुबाईंकडं सगळ्यांनी बघितलं. त्यांनी कानाला हात लावले. "आयशप्पत, मी न्हवं!" परत शांतता झाली. आणि त्या शांततेत आमच्या स्वयंपाकघरातून हाक आली:

"अवं च्या घ्या की वो! गार झाल्यावर पिनार हायसा व्हय?"

तोच आवाज. तोच हेल. शेवटच्या 'व्हय'ला तोच झटका. हा आवाज छत्तीस वर्षं मला जेवायला हाक मारतोय आणि मला तो ओळखता आला नव्हता!

माई कपांचं ताट घेऊन दारात आली आणि सगळी पेठ आपल्याकडं का बघतेय म्हणून थबकली.

"माई," मी म्हणालो, "तो तुझा आवाज आहे?"

"मग कुनाचा?"

"महिना झाला आम्ही जिवाचं रान करतोय. सांगितलं का नाहीस?"

"सांगाय आले हुते. तू म्हनलास, बायकांच्या बाजूला काय कळनार."

सगळ्या पेठेदेखत माझी मान खाली गेली. माझी चप्पल मात्र तिथंही नव्हती.

अप्पा माईकडं वळले. "तू... वरडलीस? चारशे मानसांत?"

"काय करायचं मग? तुमी समदे बाप्ये डोळ्याला धोतर लावून बसलावतासा. पोरगं तिकडं रगताच्या थारोळ्यात, आन शाहीर इचारतोय सांगू का नको! त्याची आई वाट बघत नसंल?" एवढं बोलून तिनं ताट आकारामापुढं धरलं. "घ्या भावजी. साखर कमी असंल तर सांगा."

पैज पैज असते. ज्याचा आवाज नाही त्याची मिशी जाणार, आणि आवाज दोघांचाही नव्हता. अप्पा उठले, न्हाव्यापुढं जाऊन बसले. आकाराम म्हणाला, "आदी माझी." अप्पा म्हणाले, "गप, वयानं मी मोठा हाय." यावरूनही पाच मिनिटं वाद झाला. शेवटी एकाची डावी बाजू, दुसऱ्याची उजवी, असं करत न्हाव्यानं दोन्ही मिशा बरोबरच उतरवल्या. ओठ उघडे पडल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि इतके हसले, की अप्पांचा चहा नाकातनं आला. दुसऱ्या दिवशी चरवी घेऊन अप्पा स्वतः गेले. आकारामाच्या म्हशीनं दोघांपैकी एकालाही ओळख दिली नाही आणि दोन दिवस पान्हा चोरला.

संपलं असं मला वाटलं. पण त्या संध्याकाळी माई निवडायला बसली असताना अप्पा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. उघड्या ओठावरनं बोट फिरवत म्हणाले, "एकदा परत म्हन की, त्ये."

"काय त्ये?"

"सांगा की वो."

माईनं तांदळातला खडा काढून टाकला. "चाळीस वर्सांत एकदा वरडले, त्ये तुमी त्या गाण्याच्या काळ्या तव्यात घालून ठेवलंसा. आयकायचं तर किल्ली द्या."

तेव्हापासून गुंडूचा फोनो आमच्याकडंच आहे. तो लग्नसराईत मागायला आला की अप्पा झोपेचं सोंग घेतात. धारोजीचा पोवाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत मी अजून ऐकलेला नाही, कारण आमच्या घरी त्याची फक्त सातवी बाजू वाजते, रोज, दिवेलागणीला. त्या वेळी मी वह्या तपासत असतो. परवा मी वैतागून म्हणालो, "अप्पा, निदान आज तरी पुढचं लावा. धारोजीचं काय झालं ते—"

अप्पांनी हात वर केला. त्यांची मिशी अजून पुरती वाढलेली नाही. तबकडी खरखरत होती, पटांगण चिडीचूप होतं.

"गप बस," अप्पा म्हणाले. "ती बोलतीया."